मेकॅनिकलनंतर: डिझाइनचा क्लास की वर्षभराची ॲप्रेंटिसशिप?

मेकॅनिकलची पदवी हातात पडली, कॅम्पसमधून काही जमलं नाही, आणि आता पुण्यात खोली घेऊन काहीतरी करायचं ठरलंय. अशा मुलामुलींपुढे बहुतेक वेळा दोन पर्याय असतात. एक म्हणजे सहा महिन्यांचा डिझाइनचा क्लास: कॅटिया, एनएक्स किंवा सॉलिडवर्क्स ही डिझाइनची सॉफ्टवेअर, सोबत थोडं जीडी अँड टी (भागाचा आकार किती चुकलेला चालेल ते ड्रॉइंगवर लिहायची पद्धत) आणि प्लेसमेंटचं आश्वासन. दुसरा म्हणजे ॲप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या कंपनीत वर्षभर शिकाऊ इंजिनिअर. मी दुसरा घेतला, भोसरीत मशीन केलेले सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात. माझ्या रूममेटने क्लास लावला. हल्ली मी क्वालिटी विभागात आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो, त्यामुळे दोन्हीकडून आलेली मुलं समोर येतात. सांगलीच्या माझ्या कॉलेजमधले ज्युनिअर निकाल लागला की फोन करतात, "दादा, काय करू?" त्यांना जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

क्लासची जमेची बाजू मोठी आहे, ती आधी सांगतो. कॉलेजात सॉफ्टवेअरचा सराव होतो तो जेमतेम प्रॅक्टिकलपुरता. रूममेटचा हात सहा महिन्यांत इतका बसला की शीट मेटल, सरफेसिंग, असेंब्ली, सगळं तो बोलता बोलता करायचा. हिंजवडी-खराडीकडच्या डिझाइन सेवा देणाऱ्या कंपन्या मुलाखतीआधी सॉफ्टवेअरवर परीक्षा घेतात, आणि ती पास झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. त्याला अशाच एका कंपनीत नोकरी लागली. शिवाय अडलं तर विचारायला समोर माणूस असतो, एकच गोष्ट चारदा विचारता येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीतून मुलाखत देण्याचा सराव तिथे मिळतो, तो फार कामाचा आहे. ज्याला खात्रीने डिझाइनमध्येच जायचंय, त्याला मी क्लास नको असं म्हणणार नाही.

मग मी का नाही लावला? मला सांगितलेली फी साठ हजारांच्या पुढे होती हे एक कारण झालं, पण फीसाठी घरचे तयार होते. माझं मन फिरलं ते बेंच व्हाइसमुळे, म्हणजे टेबलाला बसवून वस्तू घट्ट पकडायच्या शिकंज्यामुळे.

डेमो लेक्चरनंतर आम्हाला आधीच्या बॅचच्या प्रोजेक्ट फाइल बघायला दिल्या. पहिली उघडली, बेंच व्हाइस. दुसरी उघडली, तोच व्हाइस. पुढच्या फायलींमध्येही तेच, फक्त पहिल्या पानावरचं नाव वेगळं. मोजमापं तीच, स्क्रूचा व्यास तोच, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सही, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादाही, त्याच. स्क्रू ज्या भोकातून मोकळा जातो त्याला एच सेव्हन ही काटेकोर टॉलरन्स दिली होती. मी सरांना विचारलं, इथे एच सेव्हन कशासाठी? ते म्हणाले, "स्टँडर्ड आहे, सगळे तेच देतात."

हे इतकं मनाला का लागलं ते सांगतो. वीस मिलिमीटरच्या भोकाला एच सेव्हन म्हणजे सगळी मिळून २१ मायक्रॉनची मुभा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्क्रू नुसता सैल जायचा असेल तर ड्रिल मारून भागतं. एच सेव्हन लिहिलं की ड्रिलनंतर भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर आला, ते माप तपासायला गो-नो गो प्लग गेज आलं, प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, तपासायचा वेळ आला, आणि एवढं करून २५ मायक्रॉनवर गेलेला, कामाला अगदी चांगला जॉब रिजेक्ट करायचा. कागदावर दोन अक्षरं लिहायला काहीच लागत नाही, त्यांचे पैसे कारखाना मोजतो. आणि बॅचमागून बॅच मुलं तो आकडा उतरवून घेत होती, का ते कुणी विचारत नव्हतं. मुलं हुशार होती, काहींचे गुण माझ्याहून चांगले होते. त्यांच्याकडून कुणी निर्णयच मागितला नव्हता, एवढंच.

आता मुलाखतीत तो व्हाइस मला वारंवार भेटतो. कधी व्हाइस, कधी स्क्रू जॅक, कधी गिअरबॉक्स, पण एकाच दिवशी आलेल्या दोघांच्या फायली सारख्या असतात. मी सॉफ्टवेअरचं काही विचारत नाही. फाइलमधल्या एका मापावर बोट ठेवतो आणि विचारतो, हे माप कुणी ठरवलं, आणि चुकलं तर काय होईल? तिथे समोरचं मूल गप्प होतं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्याने कष्ट केलेले असतात, आईवडिलांनी पैसे भरलेले असतात. पदवीधर आणि कंपनी यांच्यातल्या ज्या दरीबद्दल सगळे बोलतात, ती मला तरी इथे दिसते. कंपनीला असा माणूस हवा असतो जो स्वतःच्या आकड्याला जबाबदार राहतो. सॉफ्टवेअर काय, कंपनी दोन महिन्यांत शिकवू शकते. ही सवय शिकवायला तिच्याकडे वेळ नसतो.

ॲप्रेंटिसशिपमध्ये ती सवय लागते, कारण तिथे दुसरा इलाजच नसतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग चालायचं, ६० मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), एच सेव्हन, म्हणजे ३० मायक्रॉन. इथे ती टॉलरन्स खरोखर लागत होती, कारण आत बेअरिंग बसायचं. व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) बोअर गेजने जॉब पास, आणि तेच जॉब सीएमएमच्या, म्हणजे अचूक मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेले की अंडरसाइज. प्रॉडक्शनवाले म्हणायचे तुमचं मशीन चुकतंय, क्वालिटीवाले म्हणायचे तुमचं गेज चुकतंय. मला सांगितलं, तू शोधून काढ. मशीन लावून देणारे सेटर काका दहावी शिकलेले, त्यांनी नुसतं एवढंच सांगितलं की जॉब मशीनवरून काढल्यावर हातात धरून बघ. जॉब कोमट होता. सीएमएमची खोली २० अंशांवर. ॲल्युमिनियम तापलं की किती वाढतं ते मी दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं. गणित मांडलं तर दहा अंशांच्या फरकाला या बोअरमध्ये जवळपास १४ मायक्रॉन निघाले. अर्धी टॉलरन्स तिथेच गेली. मग जॉब थंड करून मोजायचे, मशीनमधला ऑफसेट (कटरच्या जागेची दुरुस्ती) त्याप्रमाणे द्यायचा, हे ठरलं. आणि ते सकाळच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शन मॅनेजरसमोर उभं राहून मलाच सांगावं लागलं.

कंपन्या ज्याला 'कम्युनिकेशन' म्हणतात ते मला त्या मीटिंगमध्ये कळलं. त्यात इंग्रजीचा भाग थोडा. काय बिघडलंय, किती जॉब अडकलेत, संध्याकाळपर्यंत काय होईल, हे न घाबरता आणि न लपवता सांगता येणं हा भाग मोठा. हे मॉक इंटरव्ह्यूत कसं शिकवता येईल, मला माहीत नाही.

आता ॲप्रेंटिसशिपचा त्रासही सांगायला हवा, आणि तो कमी नाही. पैसे पहिले. २०१९ च्या नियमाने पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० स्टायपेंड ठरला, त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेने ही रक्कम ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, त्यामुळे अर्ज करताना चालू आकडा सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर (एनएटीएस) पाहून घ्या. बऱ्याच कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देतात. तरी पुण्यात एवढ्यावर राहणं ओढाताणीचं आहे. कंपनीची बस आणि कॅन्टीन असेल तर निभतं, नाहीतर घरून पैसे मागवावे लागतात. स्टायपेंडचा आकडा आणि कॅन्टीनचा दर, दोन्ही एकदमच विचारा.

दुसरं, घरची मंडळी. इंजिनिअर झालेला मुलगा 'शिकाऊ' आहे हे गावात सांगायला आईवडिलांना जड जातं. कायद्याने ॲप्रेंटिस हा कामगार नाही, त्याचा पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. हे घरी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

तिसरा धोका सगळ्यात खरा. काही ठिकाणी ॲप्रेंटिसला स्वस्त ऑपरेटर म्हणून वापरतात: बारा महिने एकाच मशीनवर जॉब लावणं-काढणं. तसं वर्ष गेलं तर क्लास परवडला असं मीही म्हणेन. म्हणून मुलाखतीत तुम्ही कंपनीला प्रश्न विचारा. कोणता विभाग मिळणार, दर किती महिन्यांनी बदलणार, मी कुणाच्या हाताखाली असेन. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा. करार पोर्टलवर नोंदला गेलाय का तेही तपासा. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं, वर्षाअखेर प्रमाणपत्र त्यांच्याकडून येतं, आणि नोंदणी नसेल तर ते येत नाही. नुसतं 'ट्रेनी' म्हणून एजन्सीमार्फत घेतलेलं वर्ष म्हणजे ॲप्रेंटिसशिप नव्हे.

कंपनी कुठे शोधायची, हे ज्युनिअर हमखास विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे चाकणचे मोठे गाड्यांचे कारखानेच असतात. पण ॲप्रेंटिस कायदा तेवढ्यांपुरता नाही. आजच्या नियमाप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे भोसरी, शिरोली, गोकुळ शिरगाव, वाळूज इथले मध्यम कारखानेही त्यात येतात. माझा अनुभव असा की शिकायला मध्यम कारखाना जास्त चांगला. माणसं कमी असतात, म्हणून काम लवकर हातात पडतं.

दोन गोष्टी जाता जाता. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल आणि मोल्ड डिझाइनचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. ती केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था आहे, आणि तिथे उद्योगांसाठी खरं कामही चालतं, त्यामुळे डिझाइन आणि मशीन एकाच छपराखाली बघायला मिळतं. प्रवेश मिळत असेल तर माझ्या मते ती खाजगी क्लासच्या पुढे आहे. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिना १०,००० देते, पण ती ॲप्रेंटिस कायद्याबाहेरची आहे, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती, आणि मेकॅनिकलवाल्याला त्यात कसलं काम मिळेल ते जागेवर अवलंबून.

रूममेट आज चांगल्या पगारावर आहे आणि त्याचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्याचं पहिलं ड्रॉइंग व्हेंडरकडे (भाग बनवून देणाऱ्या कारखान्याकडे) गेलं तेव्हा व्हेंडरचा फोन आला होता की आतल्या या कोपऱ्यात कटर जाणारच कसा. त्या रात्री आम्ही दोघं ते ड्रॉइंग घेऊन बसलो होतो. नंतर सहा-आठ महिने तो दर शनिवारी त्या व्हेंडरच्या शॉपवर जायचा, स्वतःच्या खर्चाने. मला जे वर्षभर रोज बघायला मिळालं, ते त्याने सुट्टीच्या दिवशी जाऊन मिळवलं.

अजून ठरत नसेल तर एक व्यवहाराचा मुद्दा लक्षात घ्या. पदवीनंतर वर्षभर किंवा जास्त नोकरी झाली की सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेत ॲप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. क्लासला अशी अट नाही, तो नोकरी करतानाही शनिवार-रविवारच्या बॅचला करता येतो. मी सॉलिडवर्क्स तसंच शिकलो, ॲप्रेंटिसशिप संपल्यावर, कंपनीतल्याच एका फिक्स्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवायच्या साधनाचं) डिझाइन प्रोजेक्ट म्हणून घेऊन. त्यातल्या एकाही मापाबद्दल मला कुणाला विचारावं लागलं नाही. तेव्हा दोन्ही करायची तयारी असेल तर आधी ॲप्रेंटिसशिपचा अर्ज टाका. निकाल लागल्या लागल्या पोर्टलवर नाव नोंदवा, आणि दिवाळीपर्यंत ठीक जागा मिळाली नाही तर क्लासची चौकशी करा.