घरात दुसरी स्कूटर घ्यायची की सायकल? बेळगावकरांसाठी थोडा हिशेब

बेळगावातल्या पुष्कळ घरांत आता एक गाडी पुरत नाही. वडिलांना उद्यमबागेतल्या कारखान्यात पोचायचं असतं, मुलीला आरपीडीला किंवा गोगटे कॉलेजला, आईला बँक, दवाखाना आणि खडेबाजार; आणि सगळ्यांची घाई एकाच वेळी, साडेआठ ते साडेनऊ. दसरा जवळ आला, वर्तमानपत्रात शोरूमची पानभर जाहिरात आली की विषय निघतोच: अजून एक स्कूटर घेऊया काय?

हे लिखाण अशा घरासाठी आहे. असलेली गाडी विका असं मी सांगणार नाही. घरात म्हातारी माणसं असतात, रात्री-अपरात्री दवाखाना असतो, चंदगड-खानापूरकडची लग्नं असतात. एक गाडी दारात हवीच. वाद आहे तो दुसरीचा. तिच्या जागी साधी सायकल, बॅटरीची सायकल, सिटी बस आणि आपले पाय, यांतलं काय जमेल ते शेजारी शेजारी मांडून बघू. माझा कल आधीच सांगतो: राहणं शहरात आणि कामही शहरातच असलेल्या घराला दुसरी स्कूटर क्वचितच लागते. का, ते पुढे आहे, आणि कुणाला लागते तेही आहे.

आधी अंतर मोजा

आपल्याला शहर असतं त्यापेक्षा मोठं वाटतं, कारण आपण ते गर्दीत अडकून मोजतो. शहापूरच्या नाथ पै सर्कलपासून आरपीडी क्रॉस दोनेक किलोमीटर. वडगावातून खडेबाजार साधारण तीन. टिळकवाडीतून उद्यमबागही तेवढंच. माणूस बेताच्या चालीने तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो आणि साध्या सायकलवर बारा ते पंधरा जातो. म्हणजे दोन किलोमीटरला पायी पंचवीस मिनिटं, सायकलला नऊ-दहा. स्कूटर सहा-सात मिनिटांत पोचते, पण ती गल्लीतून बाहेर काढायची, पुढे लावायला जागा शोधायची आणि कुणी तरी मागे आडवी लावून गेलेली गाडी सरकवायची, ही मिनिटं कुणी धरत नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या पट्ट्यात तर सायकल आणि स्कूटर बरोबरीने पोचतात. तिथं उतरल्यावर चालणाराच पुढे असतो.

माझा ढोबळ नियम असा: दीड-दोन किलोमीटरच्या आत पाय, दोन ते सहाला साधी सायकल, सहा ते दहाला किंवा वाटेत चढ असेल तर बॅटरीची सायकल. दहाच्या पुढे बस किंवा गाडी.

पैसे: पेट्रोलकडे बघून फसू नका

स्कूटरचा खर्च म्हटला की लोक पेट्रोल मोजतात. जाऊन-येऊन रोज दहा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, लिटरला पंचेचाळीसचं ॲव्हरेज. म्हणजे महिन्याला साडेपाच लिटर. पेट्रोल शंभराच्या पुढे धरलं तरी साडेपाचशे-सहाशे रुपये. हे काही घर बुडवणारं नाही, आणि म्हणूनच स्कूटर स्वस्त वाटते. खरा पैसा विकत घेण्यातच जातो. कर्नाटकातला रोड टॅक्स, विमा, नोंदणी धरून साधी स्कूटर रस्त्यावर यायला लाखाच्या आसपास लागतात. ते कर्जाने घेतले तर तीन वर्षं महिन्याला तीन हजारांच्या वर हप्ता. वर सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि दरवर्षी विम्याचं नूतनीकरण.

साधी चांगली सायकल सहा ते नऊ हजारांत येते, गिअरची बारा ते वीस हजारांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दुकानदार जुना भाव सांगत असेल तर विचारून घ्या. पुढचा खर्च म्हणजे पंक्चर, ब्रेकचे रबर, वर्षा-दोन वर्षांनी टायर-ट्यूब. चेनला तेल घरीच घालता येतं.

बॅटरीच्या सायकली पंचवीस ते चाळीस हजारांत मिळतात. नियमाप्रमाणे मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन नको. अठरा पूर्ण न झालेल्या मुलीसाठी ही मोठी सोय आहे. मात्र पावतीवर मोटरचे वॉट लिहून घ्या. ‘सायकलच आहे हो’ असं म्हणून ताशी चाळीसने पळणारी गाडी कुणी देत असेल तर ती सायकल नव्हे, आणि अपघात झाला तर विमाही नाही. एकदा चार्ज करायला युनिटचा तिसरा हिस्सा वीज लागते, म्हणजे दोन-तीन रुपये. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. तोच तिचा मोठा खर्च. घेतानाच त्या बॅटरीची किंमत विचारा आणि ती बेळगावात मिळते का तेही विचारा. नाही तर चार्जर बिघडला की पार्सलची वाट बघत बसावं लागतं.

एक गंमत राहिली. सायकलला नंबर प्लेट नसते, त्यामुळे केए-२२ (बेळगाव) की एमएच-०९ (कोल्हापूर) हा प्रश्नच निघत नाही. सीमाभागात एवढी शांतता दुसऱ्या कुठल्या वाहनाला नाही.

मुलींसाठी बसचा हिशेब वेगळा

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. म्हणजे मुलीसाठी सायकल घेताना ‘पैसे वाचतात’ हा मुद्दा बाजूला ठेवा. बस फुकट असताना कुठलीच सायकल तिच्यापेक्षा स्वस्त होणार नाही. तुलना होते ती थांब्यावर घालवलेल्या वेळाची, गर्दीची आणि शेवटच्या टप्प्याची. कॉलेज मुख्य रस्त्यावर आणि घर बसथांब्याजवळ असेल तर बस आणि चालणं ही जोडी उत्तम. वडगाव किंवा अनगोळच्या आतल्या गल्लीत घर असेल, सीबीटी बसस्टँडला बस बदलावी लागत असेल, तर तीन किलोमीटरच्या अंतराला पाऊण तास जातो. तिथं सायकल जिंकते.

घरातल्या मुलाला तिकीट आहे, तेव्हा त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून सायकलच बरी. चंदगडकडून शिनोळीमार्गे रोज येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मामला निराळा: महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्याच्या हद्दीपर्यंत निम्मं तिकीट आहे, आणि स्टँडवर उतरल्यावर कॅम्प किंवा किल्ल्याच्या बाजूला जायचं असेल तर पायच सगळ्यांत भरवशाचे.

रस्ता: गेट, पूल आणि चढ

इथं निवडीचा खरा कस लागतो. टिळकवाडीचं पहिलं आणि दुसरं रेल्वे गेट बंद झालं की स्कूटरवाले, रिक्षावाले, सगळे एका रांगेत. सायकलवाला कडेने पुढे जाऊन थांबतो आणि गेट उघडताच सुटतो. (बंद गेटाखालून वाकून जाणारेही दिसतात. जाऊ नका.) उलट कपिलेश्वर पूल आणि तिसऱ्या गेटचा उड्डाणपूल साध्या सायकलला नको वाटतात. चढ लांब, शेजारून बस, आणि मान वळवायला वेळ नाही. वाटेत रोज पूल येत असेल तर गिअरची किंवा बॅटरीची सायकल घ्या. एरवी शहर बरंच सपाट आहे. मात्र वडगाव-शहापूरच्या मानाने नेहरूनगरकडे जाताना पायांना चढ कळतोच.

हवेच्या बाबतीत आपण नशीबवान. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरचं गाव. एप्रिलमध्येही पारा पस्तीस-छत्तीसच्या आसपास. सकाळी नऊला तीन किलोमीटर सायकल मारून ऑफिसात शर्ट पिळायची वेळ येत नाही. सोलापूर-विजापूरला हा सल्ला देताना मी दहादा विचार केला असता.

फूटपाथचं मात्र कठीण आहे. चालणाऱ्याला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं प्रमाण सांगतं. दोन माणसं छत्र्या उघडून शेजारून जातील एवढी. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क मानला. खडेबाजारात हक्क बजावायला गेलात तर आधी चपलांचे ढीग, मग उभ्या स्कूटरी, मग विजेची डीपी लागते. रुंद फूटपाथ आहेत, पण शहरभर जोडलेले नाहीत. बेळगाव जानेवारी २०१६ च्या पहिल्याच वीस स्मार्ट शहरांच्या यादीत होतं, हे आठवलं की जरा राग येतो. मैसूरने २०१७ मध्ये ट्रिन ट्रिन ही सार्वजनिक सायकलींची सेवा सुरू केली. ते शहर काही आपल्यापेक्षा सपाट नाही.

म्हणून घरातून निघताना जवळच्या रस्त्यापेक्षा आतल्या गल्लीचा रस्ता शोधा. काँग्रेस रोड आणि खानापूर रोड टाळून गल्ल्यागल्ल्यांतून गेलं तर अर्धा किलोमीटर जास्त पडतो, पण ट्रक टळतात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री दिव्याशिवाय येतात. काकती, हिंडलगा, पिरनवाडी बाजूला राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावर सायकल नेऊच नये, किंवा मागे लाल दिवा आणि अंगावर चमकपट्टी असल्याशिवाय नेऊ नये. हेल्मेट कायद्याने लागत नाही, तरी घाला.

पाऊस

‘पावसात काय करायचं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. जून ते सप्टेंबर इथली झड दिवसेंदिवस हटत नाही. पण पावसात स्कूटरवालाही भिजतोच. रेनकोट दोघांनाही तोच लागतो. फरक पडतो तो ब्रेकमध्ये. रिमला घासणारे साधे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात; पावसाळ्यातही चालवणार असाल तर डिस्क ब्रेकची सायकल बघा आणि दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड लावून घ्या. नाही तर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन वर्गात जावं लागेल. बॅटरीची सायकल पावसात चालते, पण बळ्ळारी नाल्याच्या बाजूला तुंबलेल्या पाण्यातून ती घालू नका. आणि पायी जाणाऱ्यांनो, इथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोटच घ्या.

वर्षातले दहा-पंधरा दिवस असे असतात की कुठलंही वाहन कामाचं नाही. गणपतीचे शेवटचे दिवस, विसर्जनाची दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ. तेव्हा गाडी टिळकवाडीतच सोडून चालत जाणारा शहाणा ठरतो.

लोक काय म्हणतील

सायकल न घेण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे, आणि ते कुणी कबूल करत नाही. कमावत्या माणसाने सायकल काढली की कोपऱ्यावर विचारतात, ‘काय ओ, गाडी बिघडली काय?’ मुलीला सायकल घेऊन दिली तर शेजारच्या वहिनी हळूच म्हणतात, ‘स्कूटी घ्यायची होती की.’ गंमत अशी की रविवारी पहाटे पन्नास हजारांच्या सायकलवर राजहंसगडाकडे जाणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. तीच सायकल सोमवारी डबा लावून उद्यमबागेत नेली तर मात्र चर्चा. पूर्वी याच उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ता सायकलींनी भरायचा, तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

यावर माझ्याकडे औषध नाही. पण मुलीचं मत विचारा. तिला साडेनऊचं लेक्चर गाठायचं असतं, शेजारच्या वहिनींना नव्हे. ओढणी आणि साडीसाठी मधला दांडा नसलेली, चेनला पूर्ण कव्हर असलेली लेडीज सायकल घ्या. ती पुढे आईलाही चालवता येते. आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. कॉलेजला जाता-येता रोज अर्धा तास सायकल झाली की सहा दिवसांत तो होतोच.

ज्यांनी स्कूटरच घ्यावी

मच्छे, होनगा, सांबरा बाजूला पाळीची नोकरी आणि घरी परतायला रात्रीचे अकरा: स्कूटर. दोन लहान मुलांना दोन वेगळ्या शाळांत सोडायचं: स्कूटर. गुडघे दुखतात, पण बाहेरची कामं रोजची: स्कूटर, किंवा जमल्यास बॅटरीची सायकल. व्यापारी माणूस आणि माल गाडीवरूनच न्यायचा: त्याला तर हा लेख वाचायचीही गरज नाही.

निपाणी, संकेश्वर, खानापूर इथं हिशेब आणखी सोपा. गावात पायी सगळं होतं. गावाबाहेर शेतावर किंवा शेजारच्या वाडीला सायकल ठीक, पण वाटेत राष्ट्रीय महामार्ग ४८ येत असेल तर सर्व्हिस रोडनेच जा, आणि ओलांडायचं असेल तर भुयारी मार्गापर्यंत वळसा घ्या.

विकत घेण्याआधी एक करा. २००६-०७ पासून कित्येक वर्षं आठवीच्या मुलांना सरकारकडून सायकली मिळत होत्या. आपल्या मराठी शाळांतल्या मुलांनाही. त्यांतली एखादी कुणा मावशीच्या परसात गंजत पडली असेल. ती मागून आणा, ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलून घ्या. दुकानदार चार-पाचशे रुपयांत चालती करून देईल. मग आठवडाभर, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, रोजच्याच रस्त्याने ती चालवून बघा. रविवारी सकाळी सातला बघू नका. त्या वेळी बेळगावात कुठलंही वाहन छान चालतं.