पूलच्या तळाशी बसणारा बारीक गाळ: फिल्टर बदलावा, दुरुस्त करावा की व्हॅक्यूम करण्याची पद्धत बदलावी?

संध्याकाळी तळ व्हॅक्यूम करून स्वच्छ करावा आणि सकाळी त्याच जागी पुन्हा भुरकट थर दिसावा, अशी तक्रार असली की बहुतेकांचा पहिला संशय फिल्टरवर जातो आणि लगोलग मोठ्या किंवा वेगळ्या प्रकारच्या फिल्टरची चौकशी सुरू होते. माझ्या मते नव्या फिल्टरचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. फिल्टरला तितके बारीक कण धरता येत नसणे, फिल्टरच्या आत पाण्याने आडवाट शोधलेली असणे आणि व्हॅक्यूम करताना गाळ उचलला जाण्याऐवजी ढवळला जाणे, या तिन्ही दोषांचे तळाशी दिसणारे लक्षण एकच असते, पण उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

त्यामुळे प्रथम एक साधी चाचणी करावी. गाळलेले पाणी पूलमध्ये परत येते त्या तोंडावर पांढरे, घट्ट विणीचे कापड बांधून पंप दहा-पंधरा मिनिटे चालवावा. मग कापडावर जमलेले बोटांनी चोळून पाहावे आणि थोडे पाण्याच्या ग्लासात टाकावे. बोटांना खरखरीत लागणारे आणि ग्लासात तत्काळ तळ गाठणारे कण म्हणजे फिल्टरमधलीच वाळू असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी वाळूच्या (सँड) फिल्टरच्या टाकीच्या तळातील जाळीदार नळ्यांपैकी एखादी तडकलेली असते. डीई फिल्टर (डायटोमेशियस अर्थ नावाच्या बारीक पुडीच्या थरातून पाणी गाळणारा) असेल आणि कापडावर पांढरी मऊ पूड असेल, तर आतल्या पडद्याचे कापड फाटले आहे असे समजावे. पाणी बराच वेळ गढूळ ठेवणारी तपकिरी माती दिसली, तर गाळ फिल्टर ओलांडून परत येत आहे. कापड कोरे राहिले, तर फिल्टरला दोष देण्याचे कारण नाही.

मेलेले शेवाळही हुबेहूब गाळासारखे दिसते. ब्रश लागताच ते धुरासारखे उठते आणि बहुधा सावलीच्या बाजूला साचते. सूर्यास्तानंतर आणि पहाटे मोजलेल्या क्लोरिनमध्ये १ पीपीएमपेक्षा (दशलक्षात एक भागापेक्षा) जास्त घट आली, तर शेवाळ अजून जिवंत आहे असे मानून आधी त्याचा बंदोबस्त करावा.

फिल्टरच्या तीन प्रकारांतील फरक कणांच्या आकारावरून स्पष्ट होतो. सँड फिल्टर साधारणपणे २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घड्यांच्या कापडाचा कार्ट्रिज फिल्टर १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे आणि डीई फिल्टर ३ ते ५ मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो. पोयट्याच्या मातीचे कण २ मायक्रॉनपासून सुरू होतात, म्हणजे सुस्थितीतील सँड फिल्टरमधूनही त्यांतील मोठा हिस्सा निसटणारच. तरीही देखभालीची सोय पाहता मी सँड फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला सहसा देणार नाही. वाळूत थोडी घाण अडकली की तिच्यातील फटी लहान होतात आणि गाळण सुधारते. म्हणून पाणी गढूळ दिसताच रोज बॅकवॉश (फिल्टरमधून उलट दिशेने पाणी सोडून घाण बाहेर काढणे) करण्याची सवय अपायकारक ठरते. स्वच्छ फिल्टरवरील दाबाची नोंद ठेवावी आणि दाब त्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) वाढल्यावरच बॅकवॉश करावा. त्यानंतर व्हॉल्व्हच्या रिन्स (वाळू धुऊन पाणी बाहेर सोडण्याच्या) खुणेवर अर्धा ते एक मिनिट पाणी सोडणे टाळू नये, अन्यथा उखडलेली घाण थेट पूलमध्ये येते.

सँड फिल्टरमध्ये आणखी एक जागा तपासण्यासारखी असते, ती म्हणजे मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधील (हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेतील) चक्राकार गॅस्केट, म्हणजे रबरी सील. ते झिजले किंवा जागेवरून उठले की काही पाणी वाळूला स्पर्श न करताच परतीच्या पाइपात जाते. हँडल फिल्टरच्या खुणेवर असताना वेस्टच्या, म्हणजे पाणी पूलबाहेर टाकणाऱ्या पाइपातून पाणी झिरपत असेल, तर संशय घ्यायला हरकत नाही. गॅस्केट बदलणे हे नव्या फिल्टरच्या तुलनेत अगदी किरकोळ काम आहे. हँडल मात्र पंप बंद केल्याशिवाय कधीही फिरवू नये, कारण चालू पंपावर फिरवल्यानेच गॅस्केट अनेकदा खराब होते.

आता व्हॅक्यूमविषयी, कारण बारीक गाळाचा निकाल बहुधा इथेच लागतो. १० मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात दीड मीटर खाली बसायला साडेचार तासांच्या आसपास घेतो, तर ४० मायक्रॉनचा कण वीसएक मिनिटांत बसतो. यावरून पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी, कोणी पाण्यात उतरण्यापूर्वी व्हॅक्यूम करणे का उपयोगी पडते, हे लक्षात येईल.

व्हॅक्यूमचे पाणी फिल्टरमधून न्यावे की वेस्टला सोडावे, या प्रश्नावर बारीक गाळापुरता माझा कौल स्पष्टपणे वेस्टच्या बाजूने आहे. फिल्टरमधून नेले तर पाणी वाचते, पण जे कण फिल्टरला धरताच येत नाहीत ते पूलमध्ये फिरून परत येतात. वेस्टला सोडले तर गाळ कायमचा जातो. त्याची किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागते. पंपाचा प्रवाह ताशी १० घनमीटर असेल, तर पंधरा मिनिटांत अडीच हजार लिटर पाणी जाते आणि ८ बाय ४ मीटरच्या पूलची पातळी सुमारे ८ सेंटिमीटरने उतरते. म्हणून पातळी आधीच वाढवून घ्यावी, सक्शन पाइपातील हवा पाण्याने भरून काढावी आणि व्हॅक्यूमचे डोके इतक्या सावकाश सरकवावे की पुढे गाळाचा ढग उठणार नाही. ढग उठलाच, तर काम तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी करावे.

कण बसतच नसतील, तर तुरटीवर्गातील फ्लॉक्युलंटने (कण एकत्र बांधणाऱ्या रसायनाने) त्यांचे पुंजके करून ते तळाशी आणता येतात, पण मग वेस्टला व्हॅक्यूम करणे अनिवार्यच होते. कार्ट्रिजवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण पुंजके घड्यांमध्ये चिकटतात आणि अनेक कार्ट्रिज जोडण्यांना वेस्टची सोयही नसते. त्यांच्यासाठी, तसेच जिथे पाण्याचा तुटवडा आहे तिथे, स्वतःची बारीक जाळी असलेला रोबोट हा अधिक योग्य पर्याय आहे, कारण तो पाणी बाहेर टाकत नाही आणि मुख्य फिल्टरवर भारही देत नाही. खरेदी करताना पानांसाठीची जाळी आणि बारीक गाळासाठीची जाळी वेगवेगळी मिळते का, हे अवश्य विचारावे. नुसत्या पानांच्या जाळीतून गाळ तसाच पाण्यात परततो.

हे सर्व करूनही कापडावर माती येत राहिली आणि गॅस्केट, नळ्या व वाळू यांत दोष सापडला नाही, तर डीई फिल्टरचा विचार रास्त ठरतो. पाण्याची नितळता त्यात सर्वाधिक मिळते. मात्र प्रत्येक बॅकवॉशनंतर पूड नव्याने भरावी लागते आणि ती हाताळताना धूळ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून मास्क वापरणे आवश्यक असते.