टेलिफोन भवनातून सुटलेल्यांचे दुकान

सदाशिव पेठेत, बाजीराव रस्त्यावरच्या टेलिफोन भवनापासून पायी दहा मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आठ बाय दहाचे एक दुकान आहे. त्याला नाव नाही. पाटीवर ‘फायबर जोडणी, राऊटर व टेलिफोन दुरुस्ती’ एवढेच रंगवलेले आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे इंटरनेट सलग चार दिवस बंद पडले होते. कंपनीच्या मदत-क्रमांकावर दर वेळी नवा माणूस बोलायचा, त्याला सगळी कथा पहिल्यापासून ऐकवावी लागायची, आणि अखेरीस ‘पेटी बदलावी लागेल’ असा निकाल मिळाला. शेजारच्या आजोबांनी तेव्हा या दुकानाकडे बोट दाखवले.

दुकान चालवणारे काका साठीचे आहेत. घरी आल्यावर त्यांनी राऊटरला हातही लावला नाही. भिंतीतून आलेली फायबरची तार, म्हणजे जिच्यातून इंटरनेट उजेडाच्या रूपात येते ती काचेची तार, काढून उजेड मोजणाऱ्या पॉवर मीटरला जोडली, आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘अहो, पेटीचा काय दोष? उजेडच पोचत नाहीये. उणे एकतीस दाखवतंय, पेटी वाचणार काय?’ हा उजेडाचा आकडा घसरत उणे सत्तावीसच्या आसपास गेला की राऊटरचा लाल दिवा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. जिन्याखाली उंदराने कुरतडलेली जागा त्यांना वीस मिनिटांत सापडली.

त्यानंतरचे काम मी मुद्दाम शेजारी उभी राहून पाहिले. तारेचा खराब तुकडा काढून त्या जागी नवा घालायचा होता, म्हणजे जोड दोन. आवरण सोलून, केसासारखी काच स्पिरिटने पुसून, क्लीव्हर या काच कापायच्या हत्यारात काटकोनात कापून त्यांनी दोन्ही टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये, म्हणजे काच वितळवून जोडणाऱ्या यंत्रात ठेवली. मशीनच्या छोट्या पडद्यावर ती टोके मुसळाएवढी दिसतात, क्षणभर ठिणगी पडते आणि दोन्हींमधली फट नाहीशी होते. पहिल्या जोडात उजेडाची तूट आली ०.०२ डीबी (डेसिबल), दुसऱ्यात ०.०५. ही दुसरी तूटही चालण्यासारखी होती, तरी काकांनी तो जोड कापून पुन्हा केला. काचेच्या कपच्या मात्र एकही खाली पडू दिली नाही. त्या बडीशेपेच्या रिकाम्या डबीत जमा होत होत्या, कारण अनवाणी पायात गेलेली कपची दिसतही नाही आणि निघतही नाही. भेटीचे ३०० आणि दोन जोडांचे ४०० असे ७०० रुपये झाले. त्याला आता दहा महिने होत आले, आणि लाल दिवा एकदाही लागलेला नाही.

हा हात कुठे तयार झाला, हे विचारल्याशिवाय राहवले नाही. काका १९८८ साली दूरसंचार खात्यात मजूर म्हणून लागले, पुढे जमिनीखालच्या तांब्याच्या केबलचे जोड करू लागले, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याची कंपनी झाली तेव्हा बाकीच्यांबरोबर बीएसएनएलमध्ये वर्ग झाले. तांब्याच्या केबलमध्ये जोड्या ओळखण्यासाठी पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी असे दहा रंग असतात. फायबरच्या बारा रंगांपैकी दहा हेच आहेत. त्यामुळे वयाच्या पन्नाशीनंतर नवी विद्या शिकताना निम्मी बाराखडी आधीच पाठ होती, असे ते सांगतात.

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. तिच्यात ५० वर्षे व त्यावरील कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती होती: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, हा त्या रकमेचा हिशेब. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर एवढीच अर्जाची मुदत. बीएसएनएलच्या सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांपैकी ७८,५६९ जणांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी निम्मी कंपनी घरी गेली. उत्पन्नाचा सुमारे ७५ टक्के भाग पगारावर जात होता, हे सरकारचे कारण खोटे नव्हते. परंतु ज्या वर्षी फेब्रुवारीचा पगारही वेळेवर झाला नव्हता आणि निवृत्तीचे वय ५८ वर आणणार अशी कुजबुज चालू होती, त्या वर्षीच्या अर्जांना ‘स्वेच्छा’ हा शब्द कितपत शोभतो, असा प्रश्न पडतोच. काकांची मात्र तक्रार नाही. पेन्शन सुरू आहे, आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी सर्वांत आधी स्प्लायसिंग मशीन घेतले.

दुकानातला दुसरा गृहस्थ चाळिशीचा आहे आणि त्याची हकिकत इतकी सौम्य नाही. तो एका खासगी मोबाइल कंपनीच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागाला सर्कल म्हणतात) ट्रान्समिशनचे, म्हणजे टॉवरांमधल्या जोडणीचे काम पाहत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यानंतर दरयुद्धात एकेक कंपनी गळत गेली: रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा आवरली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. ग्राहकाचा नंबर तोच राहिला, म्हणून आपल्याला फारसे जाणवले नाही. आत मात्र एकाच सर्कलला दोन-दोन माणसे झाली होती. ‘एका खुर्चीवर दोघे होतो, त्यांतला उठलेला मी,’ एवढेच तो म्हणाला. त्याला ना पेन्शन, ना ३५ दिवसांचा हिशेब. काही महिन्यांचा पगार आणि अनुभवाचा दाखला. पुण्यात घराचा हप्ता चालू असताना त्या कागदावर किती दिवस निघतात?

राऊटरची मांडणी, घरभर वाय-फाय पोचवणे, छोट्या कार्यालयांचे नेटवर्क ही कामे हा दुसरा गृहस्थ करतो आणि उत्तम करतो. आमच्या मागच्या खोलीत सिग्नल येत नव्हता, तिथे महागडे यंत्र गळ्यात न मारता त्याने राऊटर कपाटातून काढून दारावर बसवला आणि १०० रुपये घेतले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर मजकूर मिळतो. दुकान सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उघडे असते. दुपारचे विचारू नये, हे पुणेकरांना सांगायला नको. काका खांबावर किंवा जिन्यात असले की फोन उचलत नाहीत. मोबाइलचे पडदे बदलून देण्याचे कामही हल्ली घेतात, पण ते त्यांचे क्षेत्र नव्हे. माझ्या भाच्याच्या फोनचा पडदा आठवड्यात पिवळट पडला. पैसे विनातक्रार परत केले, तरी त्या कामासाठी तिथे जाऊ नये.

एक बाब मात्र ग्राहक म्हणूनही काळजीची वाटते. दुकानाची निम्मी कमाई आमच्यासारख्या फुटकळ गिऱ्हाइकांची नसून एका फायबर कंपनीच्या नव्या जोडण्यांची आहे. तिचे नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. जोडणीमागे ठरलेला दर मिळतो, तो दोन महिन्यांनी मिळतो, आणि यंदा तो एका संदेशाने कमी झाला. करारात मुदत वर्षाची आहे, पण कोणत्याही महिन्यात काम थांबवण्याची मुभा फक्त कंपनीला आहे. जोडावर एक वर्षाची हमी देताना काका म्हणाले, ‘जोड टिकेल हो, दुकानाचं बघू.’

पाचपैकी चार तारे. जाताना राऊटरचा अॅडॉप्टर सोबत न्यावा, निम्म्या वेळा दोष त्यातच निघतो आणि तो तपासण्याचे ते पैसे घेत नाहीत.