कागदावरचा नातू: कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी हे वाचा

मावशीची जमीन गेली, जमिनीचे ₹३४,००,००० गेले आणि ज्याने घालवले त्याला फी म्हणून ₹४२,००० आम्हीच मोजले. बाकीची पद्धत सगळ्यांना ठाऊक असलेलीच. घरी येऊन पाया पडणं, ‘तुम्ही कशाला दगदग करता, मी बघतो’ वगैरे. ते उगाळत बसत नाही. कागदात काय होतं आणि ते कुठे दिसत होतं, तेवढंच लिहितो, कारण हे पॅकेज आजही विकलं जातंय.

मावशी ७९ वर्षांची. काका नाहीत, मूलबाळ नाही. पुणे जिल्ह्यात तिच्या एकटीच्या नावावर ४४ गुंठे. मार्च २०२३ मध्ये एका सल्लागाराने ‘वारसा नियोजन’ या गोंडस नावाखाली दोन दस्त करून दिले. मृत्युपत्राचे ₹१२,०००, कुलमुखत्यारपत्राचे (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) ₹१८,००० आणि ‘सरकारी खर्च’ ₹१२,०००. खरा सरकारी खर्च असा: कुलमुखत्यारपत्राला मुद्रांक ₹५००, नोंदणी फी ₹१००, हाताळणी शुल्क तेव्हाच्या दराने पानाला ₹२०, १६ पानांचे ₹३२०. एकूण ₹९२०. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, नोंदणीही ऐच्छिक. लबाडी इथूनच सुरू होती, पण ‘सरकारी’ म्हटलं की आपण पावती मागत नाही.

कुलमुखत्यारपत्राचा वारशाशी काडीचा संबंध नसतो. देणारा वारला की ते संपतं. त्याचं मानसिक भान गेलं तरी संपतं. करार कायदा १८७२, कलम २०१. म्हातारपणी विस्मरण झालं तर उपयोगी पडेल म्हणून जे विकलं जातं, ते नेमकं त्याच वेळी कायद्याने निकामी झालेलं असतं. मेल्यावर काय व्हावं यासाठी मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर. दोन्ही एकत्र करून विकणारा माणूस दिसला की तिथूनच उठायचं.

आता ज्या ओळीने आजही झोप उडते ती ओळ. कुलमुखत्यारपत्राच्या पहिल्या पानावर, मुखत्याराच्या, म्हणजे अधिकार घेणाऱ्या त्या सल्लागाराच्याच, नावापुढे: ‘वय ३४, नाते: नातू’. मावशीला मूल नाही. नातू आला कुठून? तो तिला ‘आजी’ म्हणायचा, तेवढंच नातं. आणि त्याच दिवशी, त्याच माणसाने लिहिलेल्या मृत्युपत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात स्वच्छ छापलंय, ‘मला अपत्य नाही.’ दोन्ही दस्त एकाच फाइलमध्ये होते. दोन्ही नोंदवले गेले.

हा शब्द चुकून पडला नव्हता. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ४८ प्रमाणे मोबदला न दाखवता स्थावर विकण्याचा अधिकार आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातू, नात अशा जवळच्यांना दिला तर मुद्रांक ₹५००. परक्याला दिला तर बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं शुल्क, म्हणजे या जमिनीवर दोन लाखांच्या घरात. एवढी रक्कम मागितली असती तर आम्ही विचारलंच असतं की पेन्शन आणि वीजबिलासाठी म्हणून सांगितलेल्या कागदाला दोन लाख कसले? ते विचारलं जाऊ नये म्हणून नातू. तेव्हा मुखत्याराच्या नावापुढे काय नातं लिहिलंय ते आधी वाचा, मजकूर नंतर.

‘न वाचता सही कशी केली?’ असं विचारणाऱ्यांसाठी. मसुदा आम्ही वाचला होता. बँक, पेन्शन, आयकर, वीज मंडळ, सातबाऱ्यावरची नावदुरुस्ती, एवढंच त्यात होतं. तो ९ पानी होता. नोंदवलेला दस्त १६ पानी. वाढलेली पानं म्हणजे आधारच्या प्रती आणि गोषवारा, असं सांगण्यात आलं आणि त्यात अशक्य असं काही नव्हतंच. टोकन पुकारल्यावर खिडकीसमोर उभं राहून, मागे रांग असताना, ७९ वर्षांच्या बाईने पानापानावर सह्या करत सोळा पानं वाचायची असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन यावं. फोटो, अंगठा, ‘मजकूर मान्य आहे ना?’, ‘हो’. झाली कबुली. ओळखदार, म्हणजे सही करणारी तीच व्यक्ती आहे असं सांगणारे साक्षीदार, दोघेही सल्लागाराच्याच ऑफिसातली पोरं. ओळखदार नेहमी आपले घ्या.

मधल्या पानांतली कलमं अशी: मिळकत विकणे, मोबदला मुखत्याराने स्वतःच्या खात्यात स्वीकारून पावती देणे, बदली मुखत्यार नेमणे, आणि ‘मुखत्याराने केलेली सर्व कृत्ये मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य व बंधनकारक राहतील.’ शेवटचं वाक्य प्रत्येक कुलमुखत्यारपत्रात असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरं कलम मात्र गळ्याला फास. पैसा फक्त देणाऱ्याच्या अमुक खात्यात, अमुक बँकेत, खाते क्रमांकासह, असं लिहून घ्या. विकायचं नसेल तर ‘विक्री, बक्षीस, गहाण, विकसन यांचे अधिकार दिलेले नाहीत’ असं नकाराचं कलम हवंच. नुसतं गप्प राहणं पुरत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जमीन विकली गेली. विक्रीच्या वेळी मुखत्याराने एक घोषणापत्र द्यायचं असतं की देणारी व्यक्ती हयात आहे आणि कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. हे कोण देतो? तोच. मावशीला कुणाचा साधा फोन नाही. खरेदीखतात तिचा पत्ता म्हणून सल्लागाराचं ऑफिस, त्यामुळे फेरफाराची नोटीसही तिकडेच. हरकतीचे पंधरा दिवस सरले, नोंद प्रमाणित, सातबाऱ्यावर नवं नाव.

कळलं ते जुलै २०२४ मध्ये, मावशीच्या विवरणपत्राच्या वेळी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ₹३० लाख किंवा त्याहून मोठा स्थावर व्यवहार नोंदणी कार्यालयाकडून आयकर खात्याला कळवला जायचा आणि तो विकणाऱ्याच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसायचा. तिथे ₹३४,००,००० उभे होते. घरात म्हाताऱ्यांच्या नावावर काही असेल तर त्यांचं एआयएस दरवर्षी उघडा, पेन्शन करपात्र नसली तरी. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) बघा. सातबारा तर मोबाइलवरही दिसतो.

आणि मग सरकारी दारं. दुय्यम निबंधक म्हणाले, आम्ही नातं तपासत नाही, पक्षकार लिहितात ते नोंदवतो, आणि नोंदलेला दस्त आम्हाला रद्द करता येत नाही, दिवाणी न्यायालयात जा. शेवटचं खरं आहे, पण शेजारच्या फाइलमधलं ‘अपत्य नाही’ दाखवलं तेव्हा ते छताकडे बघत होते. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ मध्ये नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाणूनबुजून खोटं कथन करणं हा गुन्हा आहे आणि ८३ मध्ये फिर्याद देण्याची सोय आहे. हे निदर्शनास आणून दिल्यावर ‘वरून पत्र आणा’. मुद्रांक शुल्क बुडवल्याची तक्रार मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे केली, तर तिथला कारकून सांगतो की तुटीची रक्कम आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड लिहून देणाऱ्याकडून, म्हणजे मावशीकडूनच, वसूल होईल! लुटलेली तीच आणि दंडही तिलाच. तलाठी म्हणाले, नोंद नियमात आहे, प्रांतांकडे अपील करा. अपिलाची साठ दिवसांची मुदत कधीच संपलेली, म्हणून आधी विलंबमाफीचा अर्ज.

पोलीस ठाण्यात पहिलंच वाक्य, ‘सही तुमचीच आहे ना? मग हे दिवाणी आहे.’ सही खरी आहे म्हणून बनावट दस्ताचं कलम लंगडं पडतं, हे मान्य. पण विश्वासाने सोपवलेला पैसा मुखत्याराने खाल्ला तर भारतीय दंड संहितेचं कलम ४०९ आहे, त्यात अभिकर्ता (एजंट) स्पष्ट लिहिलाय. घटना २०२३ ची म्हणून जुनीच संहिता लागते. तेव्हा ‘फसवणूक’ असं मोघम लिहू नका. लागू असलेलं नेमकं कलम लिहा (आमच्या बाबतीत ४०९), रक्कम लिहा, खाते क्रमांक लिहा, आणि पोहोच घ्या. ठाण्यात दाद नाही मिळाली तर अधीक्षकांना लेखी, आणि त्यानंतरच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मधली पायरी गाळली की अर्ज परत येतो.

दिवाणीत खरेदीखत रद्द करण्याची मुदत कळल्यापासून तीन वर्षं. दावा दाखल झाल्याझाल्या लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, नाहीतर जमीन तिसऱ्या हाती जाते. कुलमुखत्यारपत्राचा रद्दलेख त्याच कार्यालयात नोंदवा आणि मुखत्याराला पोहोचपावतीसह स्पीड पोस्टाने कळवा. बँक आणि तलाठ्यांनाही कळवा, कारण तिऱ्हाइताला कळेपर्यंत रद्द होणं त्याच्यावर लागू होत नाही. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस याच्याखेरीज, याच्याऐवजी नव्हे. परदेशातून वकिलातीतून कागद पाठवणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, आणि तो भरायला मुखत्यारच जातो. नातं तोच सांगतो.

करार कायद्याच्या कलम २१३ खाली मुखत्याराकडे हिशोब मागता येतो. तशी नोटीस वकिलामार्फत गेली. त्याचं उत्तर आलंय: संपूर्ण ₹३४,००,००० रोखीने ‘आजींना’ घरपोच दिले, सोबत पावतीची प्रत. पावती टाइप केलेली, सही मावशीचीच. बँकेच्या फॉर्मला जोडायचे म्हणून दोन कोरे कागद तिच्याकडून घेतले होते, त्यातलाच एक. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी प्रमाणे ₹२ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, म्हणजे त्याचं म्हणणं खरं धरलं तर मावशीच आणखी चौतीस लाखांची देणेकरी. वकिलांनी आता न्यायालयाकडे त्याच्या खात्याचा उतारा मागवायचा अर्ज केलाय. एवढी रोकड खात्यातून निघाली असेल तर ती तिथे दिसेल.