चिडाच्या जंगलातली तांबडी खार : कुमाऊँच्या फोटो टूरमधली फसवणूक

पुण्यातून हिमालयात फोटो टूर नेणाऱ्यांची सध्या रेलचेल आहे. त्यातले बरेच जण चोख काम करतात, काहींबरोबर मी जाऊनही आले आहे. हा अनुभव त्यांच्यातल्या कुणाचा नाही. ज्याचा आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात जातंय आणि वकिलांनी नको म्हणून बजावलंय. पण त्याची पद्धत इतकी बेतलेली आहे की नाव न घेताही ओळखू येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. पैसे घेऊन पळून जाणाऱ्यातला हा माणूस नाही. टूर होते, गाडी येते, जंगल दिसतं. फक्त ज्या-ज्या गोष्टीचे पैसे घेतलेत, त्यातली एकेक गोष्ट गळत जाते. म्हणूनच तक्रार करायला गेलं की समोरचा विचारतो, "टूर झाली ना? मग फसवणूक कसली?"

सुरुवात कोथरूडमधल्या एका स्लाइड शोपासून झाली. सिंहगड व्हॅली, कवडीपाट, भिगवण या पुण्याकडच्या पाखरं टिपायच्या जागा करून झालेली आणि आता पुढे काय म्हणून चाचपडणारी आमच्यासारखी बरीच मंडळी तिथे होती. पडद्यावर पाइनची जंगलं, धुक्यातून उतरणारी उन्हं, मागे बर्फाची शिखरं. शो संपल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपची लिंक आली. उत्तराखंडच्या कुमाऊँ भागातलं सातताल, पंगोट, बिनसर, मे महिना, फक्त आठ जागा. माणशी साडेअडतीस हजार, काठगोदाम ते काठगोदाम. त्यात राहणं, जेवण, गाड्या, हाइडमधली (पाखरांना न दिसता फोटो काढायच्या आडोशातली) जागा, 'स्पेशल फोटोग्राफी परमिट' आणि आंतरराष्ट्रीय पारितोषिकं मिळवलेला मेंटर. निम्मे पैसे आज रात्री बारापर्यंत भरले तर तीन हजार सूट. ग्रुपवर दर तासाला "ताई, दोनच सीट राहिल्यात" असा मेसेज यायचा. पुढे कळलं की "मी भरले, मी भरले" म्हणणाऱ्या नंबरांपैकी निम्म्यांना टूरला यायचंच नव्हतं. ती त्याचीच माणसं.

ग्रुप उघडल्याबरोबर त्याने त्यात मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू केली होती, सात दिवसांची. "फोटोंनी फोन भरतो ना सगळ्यांचा, म्हणून," असं कारण दिलं. कारण पटण्यासारखंच होतं. परिणाम असा, की आम्ही परत येईपर्यंत 'काय-काय मिळणार' याचा लेखी पुरावा आपोआप पुसला गेला होता. आमच्यातल्या एकाला सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय आहे, एरवी आम्ही त्याला त्यावरून चिडवतो. त्याच्यामुळे निम्मं तरी वाचलं.

आता फोटोंकडे येते, कारण खरी मेख तिथेच आहे. जाहिरातीत तीन फोटो ठळक होते. पाइनच्या फांदीवर बसलेली तांबडी खार, कानांवर केसांचे उभे झुपके. खडकावर उभा असलेला मोनाल, हिमालयातला रंगीत पक्षी. आणि हिरव्यागार पाइनच्या उतारामागे लख्ख, धारदार हिमशिखरं. खाली लिहिलेलं, "आमच्या मागच्या मे टूरमधून."

आमच्या गटात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. दिल्लीहून काठगोदामच्या गाडीत त्यांनी सहज फोन हातात घेतला आणि खारीचा फोटो मोठा करून पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "अहो, हा चीड नव्हेच. सुया बघा केवढ्याशा आहेत." कुमाऊँच्या खालच्या पट्ट्यातलं पाइन म्हणजे चीड, पायनस रॉक्सबर्गी. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात आणि वीस-तीस सेंटिमीटर लांब असतात, म्हणजे त्या खारीच्या अख्ख्या शेपटीपेक्षा लांब. फोटोतल्या सुया दोन-दोनच्या जुडीत, बोटाएवढ्या. मागच्या खोडाचा वरचा भाग नारिंगी. ते स्कॉट्स पाइन होतं, युरोपातलं. आणि ती तांबडी खार भारतात कुठल्याच जंगलात नाही. भीमाशंकरचं शेकरू पाहिलेल्या पुणेकराला कानावरचे झुपके बघून "ही आपल्या शेकरूची धाकटी बहीण" असं वाटणं साहजिक आहे, ग्रुपवर कुणीतरी तसं लिहिलंही होतं. त्यावर आयोजकाने बदामाची इमोजी टाकली होती.

गाडीतच गूगल लेन्सवर टाकल्यावर तो फोटो स्कॉटलंडमधल्या एका छायाचित्रकाराच्या विक्रीच्या पानावर सापडला. मोनालचा मात्र सापडेना. बाईंनी तो स्क्रीनशॉट आडवा उलटा केला, म्हणजे डावं-उजवं बदललं, आणि पुन्हा शोधला. लगेच मिळाला, उत्तराखंडातल्याच पण गढवालमधल्या, बऱ्याच उंचावरच्या तुंगनाथच्या बाजूचा. फोटो असा आरशातल्यासारखा फिरवून टाकला की साध्या शोधात पुष्कळदा हाती लागत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, दोन्ही बाजूंनी शोधायचं.

तसं पाहिलं तर मोनालसाठी शोधायचीही गरज नव्हती. तो उत्तराखंडचा राज्यपक्षी, पण उन्हाळ्यात राहतो साधारण अडीच हजार मीटरच्या वर, झाडांची हद्द संपते तिथल्या कुरणांत. सातताल जेमतेम १,३७० मीटरवर आहे. चिडाच्या जंगलात मे महिन्यात मोनालची 'खात्री' देणारा माणूस एक तर पक्षी ओळखत नाही किंवा गिऱ्हाईक ओळखतो.

तिसऱ्या फोटोतही ऋतूच खोटा होता. लख्ख शिखरं दिसतात ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाहीतर थंडीत. उत्तराखंडचं वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतं. चिडाच्या वाळक्या सुयांचा, तिकडे पिरूल म्हणतात त्याचा, जाड थर जमिनीवर साचतो आणि त्यात राळ असल्यामुळे ठिणगी पडायचा अवकाश की पेटतो. २०२४ च्या जूनमध्ये खुद्द बिनसरच्या वणव्यात वनखात्याचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. अशा दिवसांत हवेत धूर आणि धुरळा असतो. बिनसरच्या झिरो पॉइंटवरून नंदादेवी, त्रिशूल, पंचाचूली अशी रांग दिसते म्हणतात. आम्हाला दिसला तो राखाडी पडदा. पांढऱ्या-करड्या आभाळावर चिडाचे काळे उभे खांब, एवढंच लँडस्केप. लांब लेन्समधून पाहिलं तर दुपारी तापलेल्या हवेची थरथर. आणि त्या पिरूलवर ट्रायपॉडचा पाय ठरत नाही, सरळ घसरतो. हे सगळं तिकडचा कुणीही माणूस एका फोनवर सांगेल. टूर 'मे महिन्यातच बेस्ट' असण्याचं खरं कारण एवढंच की मुलांना सुट्ट्या असतात आणि आठ जागा भरतात.

काठगोदामला उतरल्यावर पहिली बातमी अशी, की मेंटरचा पाय मुरगळलाय. त्यांच्याऐवजी एक विशीतला मुलगा आला, ड्रायव्हरचा भाचा. बिचारा वाईट नव्हता, पण 'अॅपर्चर प्रायॉरिटी' हे कॅमेऱ्याचं अगदी प्राथमिक सेटिंग म्हणजे काय हे त्याने आम्हालाच विचारलं. त्याच्याजवळ ब्लूटूथ स्पीकर होता आणि तो पक्ष्यांचे आवाज जोरजोराने वाजवायचा. ऐन विणीच्या दिवसांत हे करायचं नसतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी स्पीकर काढून आपल्या पिशवीत टाकला तो टूर संपेपर्यंत दिला नाही.

साततालला हाइडवर गेलो. तिथे स्थानिक लोक पाणी, दाणे ठेवून पाखरांची बसायची जागा करतात आणि माणशी पैसे घेतात, रोकडा व्यवहार. आमच्या नावाने काहीच जमा नव्हतं. पुन्हा पैसे दिले. होमस्टेच्या मालकांनी दुसऱ्या रात्री जेवणानंतर संकोचत विषय काढला, "दीदी, बुरा मत मानिए, हमें तो अभी तक सिर्फ टोकन मिला है." पुण्यात पूर्ण रक्कम वसूल, तिकडे नुसता विसार. आयोजकाला फोन लावला तर, "ताई, नेटवर्क नाहीये, उद्या टाकतो." तो उद्या उजाडला नाही. मालक पाहुण्यांना रात्री बाहेर काढणार नाही हे आयोजकाला ठाऊक, आणि मालकाचे पैसे बुडवून आम्ही जाणार नाही हेही त्याला ठाऊक. सगळा धंदा या दोन भल्या सवयींवर चालतो. खोल्यांचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा भरले. पण मालकाकडून लेखी पावती घेतली, त्यात टोकन किती आलं, कुणाच्या नावाने आलं, कुठल्या तारखेला आलं हे लिहून घेतलं. आज आमच्या फाइलीतला सगळ्यांत भक्कम कागद तोच आहे.

परमिटचा प्रकार त्याहून गंभीर. माणशी साडेचार हजार रुपये 'स्पेशल फोटोग्राफी परमिट'चे घेऊन त्याने एक पीडीएफ पाठवलं होतं. वर राजमुद्रा, खाली शिक्का, मध्ये आमची नावं. बिनसरच्या फाटकावर वनरक्षकाने ते मोबाइलवर पाहिलं, अंगठ्याने वर-खाली केलं आणि परत दिलं. "ये हमारा नहीं है." मग खिडकीवर सगळ्यांसाठी नेहमीची प्रवेश तिकिटं आणि गाडीचे पैसे, आत सोडलं. अभयारण्यात हौशी माणसाने कॅमेरा घेऊन फिरायला लागतं ते एवढंच. त्या पीडीएफवर ना पावती क्रमांक होता, ना पैसे कुठल्या सरकारी खात्यात भरले याची नोंद. पैसे भरून मिळालेल्या सरकारी परवान्यावर सहसा या दोन गोष्टी असतात.

चांगलं काही झालं नाही असं नाही. बांजच्या, म्हणजे तिकडच्या ओकच्या जंगलात पाखरं खूप होती. पिवळ्या गळ्याचा मार्टेन, झाडांवर सरसर चढणारा एक छोटा शिकारी प्राणी, एका सकाळी रस्ता ओलांडताना मिळाला, फ्रेम किंचित हललेली. नुसत्या चिडाच्या जंगलात खाली झुडपंच फार उगवत नाहीत, त्यामुळे तिथे पाखरं कमी. फोटोसाठी जायचं तर मिश्र जंगलात. हे मला तिथल्या होमस्टेवाल्यांनी सांगितलं, साडेअडतीस हजारांत ते बसत नव्हतं.

पुण्यात आल्यावर बिल काढून पाहिलं. त्यावर पाच टक्के जीएसटी लावलेला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७. बिलावरचा क्रमांक ०७ ने सुरू, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाची आहे ते फुकट दिसतं. ती भलत्याच धंद्यातल्या कुणाची तरी निघाली. आणि आमचे पैसे गेले होते तिसऱ्याच माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते आणि बिलावरचं नाव एक नसेल तर तिथेच थांबायचं, मग रात्रीचे बारा वाजू देत.

चौकीत आधी तेच उत्तर मिळालं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. बनावट परमिट पुढे ठेवलं तेव्हा सूर बदलला. राजमुद्रा लावलेला खोटा कागद हा ग्राहक आणि दुकानदार यांच्यातला वाद राहत नाही. अर्ज घेतला, पोच मिळाली. पैशांसाठी ग्राहक आयोगाची वाट धरली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी काही विचारायचं असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पैसे नुकतेच गेले असतील आणि माणूस फोनच उचलत नसेल तर मात्र वेळ न घालवता १९३० ला, तो सायबर फसवणुकीचा.

मध्यंतरी एका मध्यस्थाकरवी निरोप आला, "पुढच्या ऑटम टूरमध्ये अॅडजस्ट करून देतो, वर दोन हजार सूट." आम्ही म्हटलं, जे असेल ते लेखी दे. ते आलं नाही. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' अशा शेऱ्याने परत आली, म्हणून स्लाइड शोच्या हॉलच्या बुकिंग फॉर्मवरचा पत्ता मिळवून दुसरी पाठवली आहे. तीही परत आली तरी तक्रार दाखल होणारच. तांबड्या खारीची किंवा खडकावरच्या मोनालची जाहिरात पाहून ज्यांनी कुणी पैसे भरलेत, त्यांनी ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा आणि परमिटचं पीडीएफ आलं असेल तर ते मूळ फाइलसकट जपून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको.