कौलारू घरातले उंदीर, घुशी आणि खारी: यंत्र, औषध, पिंजरा, जाळी वापरून झाल्यावरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर पाव इंची वेल्डेड जाळी आणि एक गोण सिमेंट घ्या. पिंजरा दुसऱ्या नंबरावर. बाकी बाजारात आणि ऑनलाइन जे काही मिळतं त्यातलं बरंचसं मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडापासून या शिमग्यापर्यंत वापरून पाहिलं. त्यातलं निम्मं आता अडगळीत पडलंय.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. पुढचं घर जुनं, जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं, वर लाकडी माळा. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी नंतर बांधलेली, स्लॅबची. माळ्यावर आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळीथ, शिवाय पाहुण्यांच्या गाद्या. आमसुलं आणि पोळ्या मी विकते. उंदराने पोळीचा एक कोपरा जरी कुरतडला तरी ती सगळी फेकावी लागते, त्यामुळे हा विषय घरात इतरांपेक्षा मी जास्त मनावर घेतला.

दुकानात जाण्याआधी घरात नक्की कोण शिरलंय ते बघा. आमच्याकडे एकाच वेळी चार भाडेकरू होते. रात्री वाशांवरून धावणारा तो काळा उंदीर, चढण्यात पटाईत. त्याच्या लेंड्या सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या. डब्यांच्या मागे तांदळाच्या कणीएवढ्या लेंड्या दिसल्या तर पिटुकला घरातला उंदीर. न्हाणीच्या मागे मातीचे ढीग काढून पाया पोखरणारी घूस. आणि दिवसाढवळ्या माळ्यावर खुडबुड ऐकू आली तर ती बहुधा खार, कारण खार रात्री झोपते. पाचवी चिचुंद्री. ती भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळते आणि वास मारते, पण ती उंदरांच्या जातीतली नाही, धान्याला तोंड लावत नाही, झुरळं आणि किडे खाते. आमच्या सासूबाई तिला कधीच मारू देत नाहीत आणि या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. हे सगळं बघायचं कशासाठी, तर यातल्या एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही. दुकानदार मात्र सगळ्यांवर एकच पाकीट देतो.

आता एकेक वस्तू. पहिलं आलं ते प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र, अल्ट्रासॉनिक. अहोंनी दोनाचा संच मागवला, निळा दिवा लागणारा. पहिल्या आठवड्यात खरंच शांत वाटलं. मग एका रात्री मी बॅटरी घेऊन गेले तर उंदीर त्याच प्लगखालच्या फळीवर बसून शेंगदाणा खात होता. कारण सोपं आहे. 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, उंदराला येतो, एवढं खरं. पण तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही, गाद्या-पोत्यांत जिरतो आणि थोड्या दिवसांत उंदराला त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 हून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा ठेवा. तरी ती अजून धडाक्यात विकली जातात. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या ओरडण्याला भीत नाही, तो ह्या मुक्या डबीला भिणार होय?" पाचपैकी अर्धा तारा, तोही रात्रीच्या दिव्यासाठी.

पुदिन्याचं तेल, कापूर, डांबरगोळ्या यांवर फार लिहीत नाही. कौलांखाली वारा इतका खेळतो की वास दोन दिवसांत उडतो. शिवाय डांबरगोळ्या खाण्याच्या वस्तूंजवळ आणि लहान मुलांच्या घरात ठेवूच नयेत. माझ्या तर पोळ्यांना वास लागला असता.

चिकटपट्टी, म्हणजे गोंदाचं पुठ्ठ्याचं पुस्तक, स्वस्त पडतं आणि पिटुकला उंदीर त्यावर अडकतोही. मोठा उंदीर पट्टीसकट ओढत जातो. पण अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो, ओरडतो, आणि सकाळी तुम्ही त्याचं करणार काय? आमच्या पट्टीवर एकदा पाल सापडली, एकदा चिचुंद्री. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना या पट्ट्यांवर बंदी घालायला सांगितलेलं आहे, तरी तालुक्याच्या दुकानात त्या लटकलेल्या दिसतात. मी उरलेल्या जाळून टाकल्या.

औषधाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळे पहिल्यांदा तिथेच वळतात. दुकानात मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या वड्या बहुतेक ब्रोमॅडिओलोनच्या असतात, प्रमाण 0.005 टक्के. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात. उंदीर हुशार म्हणून हे मुद्दाम तसं बनवलेलं आहे: खाल्लं आणि लगेच पोटात दुखलं तर तो आणि त्याची भावंडं पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. वड्या कामाच्या आहेत यात शंका नाही, आमच्याकडचा आवाज कमी झाला. पण मेलेला उंदीर कुठे मरतो ते तुमच्या हातात नसतं. आमचा एक माळ्याच्या फळ्या आणि भिंतीच्या मधल्या सांध्यात मेला. ऐन श्रावणात, घरात सत्यनारायण, आणि तो वास! फळी उचकटून काढावी लागली. वड्या खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्या पोटात जातं, हेही डोक्यात ठेवा. घरात मूल किंवा कुत्रं असेल तर वडी उघडी टाकू नका. कुलूपवाली आमिषपेटी मिळते, तिच्यातच ठेवा. कुणी चुकून खाल्लंच तर वाट न बघता पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के 1 हा उतारा आहे. झिंक फॉस्फाईडची काळी पूड आणि पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट यांवर उतारा नाही. त्या दोन्ही वस्तू मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. गावाकडे या पेस्टने घरंच्या घरं दुःखात गेली आहेत.

आता पिंजरा. तारेचा, लाकडी तळाचा, दार खाली पडणारा जुना नमुना. चिपळूणला हार्डवेअरच्या दुकानात तीनशेच्या आत मिळाला. ऑनलाइनचे प्लास्टिकचे पारदर्शक पिंजरे पिटुकल्यांना ठीक, मोठ्या उंदराने त्याचं दार कुरतडलं. पिंजऱ्याचं गुपित घाई न करण्यात आहे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, काही दिवस तिला वळसा घालून जातो. म्हणून आधी काही रात्री पिंजऱ्याचं दार दोऱ्याने वर बांधून ठेवायचं, आत आमिष टाकायचं, त्याला फुकट जेवू द्यायचं. आमिष रोज गायब व्हायला लागलं की दोरा सोडायचा. ठेवायचा भिंतीला लागून, दाराचं तोंड भिंतीच्या रेषेत, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही. आमिषाचं म्हणाल तर चीज हे चित्रांतलं. आमच्याकडे सुक्या बोंबलाचा तुकडा आणि विस्तवावर भाजलेलं खोबरं यांच्यापुढे काही टिकलं नाही. श्रावणात बोंबील बंद, तेव्हा खोबऱ्यावर शेंगदाण्याची चटणी.

पकडलेल्या उंदराचं काय, हा प्रश्न पुढे येतोच. बादलीत बुडवणं मला जमत नाही. अहो सकाळी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, रानात नेऊन सोडतात. शेजाऱ्याच्या आवाटात सोडलात तर तो संध्याकाळच्या आत परत येईल, आणि शेजारीही येईल. पिंजरा धरताना हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो आणि कोकणात पावसाळ्यात तो दरवर्षी डोकं वर काढतो, विशेषतः लावणीच्या वेळी पायाला चिरा-जखमा असताना चिखलात उतरणाऱ्यांत. ताप आला तर अंगावर काढू नका. माळ्यावरच्या लेंड्याही कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ भिजू द्या, मग फडक्याने गोळा करा. पिंजऱ्याला चार तारे. एक कापला कारण तो फक्त आत आलेल्यांना पकडतो. बाहेर रांग लागलेलीच असते.

ती रांग थांबली जाळीने. शाकारणीला कौलं उतरवली तेव्हाच हे काम उरकून घ्या, नाहीतर दुप्पट मजुरी पडते. आम्ही वळचणीला जिथे कौलाची नाळ उघडी राहते तिथे, आणि भिंतमाथा व वासे यांच्या मधल्या फटीत, सगळीकडे पाव इंची जाळी खिळ्यांनी मारून घेतली. मापाबद्दल हट्ट धरा. पेन्सिल आत जाते तिथून पिटुकला उंदीर जातो, अर्ध्या इंचातून मोठा. दुकानदार कोंबड्यांची षटकोनी जाळी देतो, ती उंदराला दरवाजाच आहे. डासांची नायलॉन जाळी तो एका रात्रीत फाडतो. फटीत मारायचा फोमही कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि झिजवायला त्याला काहीतरी लागतंच. गॅसच्या नळीभोवती, पाण्याच्या पाइपाभोवती जी भोकं असतात त्यांत मी भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबली आणि वरून सिमेंट लिंपलं. घुशीच्या बिळात गवंड्याने काचेचे तुकडे आणि सिमेंट भरलं, जुनीच पद्धत आहे. न्हाणीच्या मोरीला जड बिडाची झाकणजाळी बसवली. मागच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट होती, तिथे ॲल्युमिनियमची पट्टी. दिसायला यात काहीच नाही, कुणी पाहुणा बघून वा म्हणणार नाही, पण पिंजरा रिकामा राहायला लागला तो यानंतर.

खारीचं प्रकरण वेगळं. ती माळ्यावरच्या गादीतला कापूस आणि काथ्या ओढून आढ्याच्या कोपऱ्यात घरटं करून बसली होती. दिवाळीच्या साफसफाईत दिसलं तेव्हा आत पिल्लं होती, दोन की तीन ते नीट दिसलं नाही. आमच्याकडच्या पाठीवर तीन पट्टे असलेल्या खारीची गर्भावस्था साधारण 34 दिवसांची आणि पिल्लं दहा आठवड्यांपर्यंत आईवर अवलंबून. मधेच भोक बुजवलं तर आई बाहेर आणि पिल्लं आत मरणार, आणि वासाचा अनुभव आम्ही श्रावणात घेतलेलाच होता. गादी खाली उतरवली आणि संक्रांत होईपर्यंत तो कोपरा तिला दिला. नंतर भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसा कोंबून ठेवला. कुणी आत-बाहेर करत असेल तर तो ढकललेला सापडतो. काही दिवस बोळा जागचा हलला नाही, तेव्हा दुपारी जाळी मारली. खारीला विष घालू नका. ती उंदीर नव्हे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यातल्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत उंदीर होते, खार कधीच नव्हती. माझा तिच्यावर राग आहे तो वेगळ्या कारणाने: इंटरनेटची फायबर वायर. माडावरून घरात आलेली ती वायर तिने कुरतडली आणि मुलाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यात राहिली. आता वायर लोखंडी नळीतून घेतलीय. बागेतल्या ठिबकच्या नळ्या मात्र अजून फुटतात. उन्हाळ्यात पाण्याची मातीची परात ठेवून बघतेय, थोडा फरक वाटतो, खात्रीने सांगत नाही.

मांजर? आहे आमच्याकडे. पिटुकले उंदीर धरते, काळ्याला बघून अंग चाटत बसते. घुशीपुढे तर ती गेलेलीच मी पाहिली नाही. खरी कामाची आहे ती परसातली धामण. बिनविषारी, थेट बिळात शिरून उंदीर खाते. वाडीतली माणसं काठी घेऊन धावतात तेव्हा मी आडवी जाते, आता लोक मला हसतात.

खर्चाचं म्हणाल तर जाळी, सिमेंट आणि शाकारणीच्या वेळची जादा मजुरी मिळून यंत्रं, वड्या आणि पट्ट्यांवर गेलेल्या पैशांपेक्षा थोडंच जास्त झालं. एक तक्रार आहे. खाऱ्या हवेने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी वळचणीला आत्ताच तांबूस पडायला लागलीय, समुद्राच्या बाजूची जास्त. लांबच्या गावात असाल तर जीआय चालेल. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पहिल्यांदाच 316 ग्रेडची स्टेनलेस घ्यावी, महाग पडते. आम्ही पुढच्या शाकारणीला पश्चिमेची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू तेवढी बदलून घेणार आहोत, पूर्वेची अजून दोन पावसाळे काढेल असं गवंडी म्हणतो.