दंडघेर मोजायची तीन रंगांची पट्टी (मुअॅक टेप)

मी परिचारिका आहे. कुपोषित मुलं शोधायला निघताना एकच वस्तू बरोबर घ्यायची असेल, तर मी ही प्लास्टिकची पट्टी घेईन. वजनकाट्याला सपाट जागा लागते, उंचीच्या फळीला दोन माणसं लागतात आणि रडणारं मूल दोन्हींवर ठरत नाही. पट्टी मात्र आईच्या मांडीवरच काम उरकते.

वय ६ महिने ते ५ वर्षं. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असला की लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लाल रंगाची हद्द पूर्वी ११ वर होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये ती ११.५ केली. जुनी पट्टी अजून कुठे वापरात असेल तर ती आधी फेकून द्या. त्या अर्ध्या सेंटिमीटरमधली मुलं उपचाराविना राहतात.

मोजायचं डाव्या दंडावर. कोपर वाकवून खांद्याचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळायची. मांस दबलं तर हिरवं मूल पिवळं दिसतं, पट्टी ढिली राहिली तर आजारी मूल सुटतं. हे कुणालाही शिकता येतं. नायजरमध्ये आयांच्या हाती पट्टी दिली, तेव्हा त्यांची मोजणी आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीची निघाली. माझ्या मते या पट्टीचा सगळ्यात मोठा गुण हाच. आई घरी वरचेवर मोजू शकते, आमची फेरी कधीतरीच होते.

पण सूज हिला कळत नाही. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर पट्टी हिरवी असली तरी ते मूल सॅमच धरायचं. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली काही मुलंही हिच्यातून निसटतात आणि खुंटलेली वाढ तर ती दाखवतच नाही. त्यामुळे दवाखान्यात काटा आणि फळी हवीच.

खरेदी करताना मऊ, न ताणणारी पट्टी घ्या आणि आकडे मोजपट्टीशी ताडून पाहा. लाल निघालेल्या मुलाला जिथे पाठवायचं, तिथे उपचाराचा आहार शिल्लक आहे का, हे मी मोजणीला बसण्याआधी विचारून घेते.